चार बोटं

मोजून झाल्यावर कस्टमच्या बाई काहीच बोलल्या नाहीत, तेव्हाच भिंगरी सावध झाली. बोलणारा अधिकारी परवडतो, ओरडणाराही परवडतो. या बाई मात्र डेकवरच्या उलट्या खोक्यावर बसल्या आणि तीच बेरीज तिसऱ्यांदा करू लागल्या.

तसं पाहिलं तर सकाळ झकास गेली होती. बंदरापासून कस्टमच्या या धक्क्यापर्यंतचा प्रवास अगदी लोण्यासारखा झाला होता. ट्रान्सफॉर्मर डेकच्या मधोमध साखळ्यांनी जखडून उभा होता, राखाडी रंगाचा, एका मजल्याएवढा. तो बंदरात बार्जवर उतरला तेव्हापासून भिंगरी नीट झोपली नव्हती, पण ते झोप न येणं लग्नघरातल्यासारखं होतं. तीस वर्षं या घराण्याने खडी वाहिली, वाळू वाहिली, सिमेंट वाहिलं. एवढं अवजड, एवढं मोलाचं आणि समुद्रापलीकडून आलेलं धूड या बार्जवर पहिल्यांदाच चढलं होतं, आणि ते भिंगरीने मिळवलं होतं.

एवढा माल तोलायला नदीकाठी काटा नसतो. बार्ज पाण्यात किती बुडाली यावरून वजन काढतात. बार्जच्या अंगावर पट्टीसारखे आकडे रंगवलेले असतात. पाणी ज्या आकड्याला लागलं त्यावरून एकूण वजन निघतं, त्यातून नोंदणीच्या कागदावरचं रिकाम्या बार्जचं वजन वजा केलं की उरतो तो माल. बाईंनी होडीतून बार्जला प्रदक्षिणा घातली होती. सहा ठिकाणी थांबून, लाटांनी आकडा हलू नये म्हणून पारदर्शक नळी बार्जला टेकवून, डोळा पाण्याशी नेऊन वाचलं होतं. भिंगरीला ते बघून कौतुकच वाटलं होतं.

"कागदावर दोनशे बारा टन आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "पाणी म्हणतंय दोनशे अठ्ठावन्न."

"मॅडम, पाण्याला काय कळतंय?" शिक्का म्हणाला. हा यांचा क्लिअरिंग एजंट, कस्टममधून माल सोडवून देणारा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी ठाऊक असेल की नाही कोण जाणे. शर्टाच्या खिशात रबरी शिक्का घेऊन फिरायचा, म्हणून शिक्का.

"पाण्यालाच कळतं. कागद माणसं लिहितात." बाईंनी वही मिटली. "सेहेचाळीस टन जास्त काय आहे, ते सांगा. नाही सांगता आलं तर मी सील लावणार. दोन-तीन दिवसांत वरिष्ठ येतील, मग माल उतरवून बघू."

"दोन-तीन दिवस?" भिंगरीचा आवाज चिरकला. "मॅडम, आज तीन वाजता वरच्या धरणाचे दरवाजे उघडतायत! चारला ते पाणी रेल्वेच्या पुलाखाली येईल. नदी एकदा चढली की पुढचे दोन महिने हा माल पुलाखालून जाणार नाही."

"मग लवकर सांगा," बाई म्हणाल्या. त्यात कुचेष्टा नव्हती. "चार वाजेपर्यंत मीही इथेच आहे."

सव्वाबारा वाजले होते.

*

बार्जच्या स्वयंपाकघरात एका वेळी तीनच माणसं नीट बसू शकतात. तिथे चौघं जमली की भांडण होतं, हा जुना अनुभव. थोरले दाराशी उभे होते. बार्जचा कारभार त्यांच्याकडे, भावंडं त्यांना दादा म्हणायची. धाकटे, म्हणजे भिंगरीचे बाबा, सुकाणू सोडून आले होते आणि गुडघा चोळत होते. आत्या चुलीपाशी, पाठ करून.

"काय चढवलंस?" थोरल्यांनी पुतणीला सरळ विचारलं.

"मी? काका, तुम्ही होतात ना बंदरात! तुमच्यासमोर चढलं सगळं."

"माझ्यासमोर पेटी चढली. पेटीत काय आहे ते मला काय माहीत? कागदावर सही तुझी आहे."

"दादा, पोरीवर येऊ नकोस," धाकटे म्हणाले. ते सहसा मोठ्या भावासमोर मूग गिळून बसत. आज त्यांचा आवाज चढलेला ऐकून भिंगरीही दचकली. "खालची पोकळी मी आत्ताच बघून आलो. दोर आहेत, दोन जुने टायर आहेत. सेहेचाळीस टन लपवायला तिथे जागा तरी आहे का? आणि खरं सांगायचं तर जास्त माल चढवायची खोड या घरात कुणाला आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

थोरल्यांच्या कानशिलापाशी रक्त चढलं. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

"नाही, बोल ना! आता तोंड फुटलंच आहे तर बोल."

धाकटे पुन्हा गुडघा चोळू लागले, पण थोरल्यांना जे ऐकू यायचं ते आलंच. त्यांना वाटायचं, ही गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. खडी भरताना अप्पांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, नियम होता की पाणी भरायची मर्यादा दाखवणाऱ्या लाल रेघेला टेकलं की घरातल्या कर्त्या माणसाने "बस!" म्हणून ओरडायचं आणि क्रेन थांबायची. अप्पा गेल्यावर ते "बस" थोरल्यांकडे आलं. आणि थोरले दर खेपेला लाल रेघ बुडू द्यायचे, दोन बोटं वर पाणी येऊ द्यायचे, मग ओरडायचे. अठरा वर्षं. एकदाही काही झालं नाही. आपल्याला नदी अप्पांपेक्षा जास्त कळते, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या समाधानावर ते जगत होते.

"संध्याकाळी सहाला तो भंगारवाला वरच्या धक्क्यावर येणार आहे," ते म्हणाले. "ठरलंय आपलं. आजच्या आज माल वीजघराच्या धक्क्याला लागला तर बार्ज राहील आणि भिंगरी चालवेल. नाही लागला तर मी बार्ज तोडायला देणार. मी शब्द फिरवलेला नाही. तुम्हीही फिरवू नका."

"तुम्हाला आनंदच झालाय काका," भिंगरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. "तुम्हाला हवंच होतं हे."

थोरले उत्तर द्यायला गेले आणि थांबले. कारण बाईंनी दोनशे अठ्ठावन्न म्हटलं तेव्हा क्षणभर त्यांना खरोखरच हायसं वाटलं होतं. चला, सुटलो एकदाचे. आणि पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली होती की ती लपवायलाच ते इथे येऊन ओरडत होते.

"बार्ज खोटं बोलत नाही," ते पुटपुटले. "आकडा आहे तो. लोखंडावर लिहिलेला."

चुलीपाशी कपबशी आदळली. आत्याने चहा ओतता ओतता मध्येच सोडून दिला होता.

*

आत्याच्या मनात आलं ते एवढंच, की अप्पांनी आपल्याला केवढ्या पेचात टाकून ठेवलंय.

दर दोन वर्षांनी बार्ज कोरड्या गोदीत चढायची आणि आत्या ती रंगवायची. भाऊ इंजिन उघडत, पत्रे बदलत. रंग मात्र आत्याचा. पहिल्यांदा ब्रश हातात घेतला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. त्याच्या सहा महिने आधी पहिली बार्ज बुडाली होती. वळणापाशी, भर दिवसा, खडीसकट. माणसं वाचली, पण बार्ज गेली. अप्पांनी चौकशीत लिहून दिलं, माल मीच भरला होता, चूक माझी.

अप्पा त्या दिवशी तापाने फणफणले होते. माल भरला होता बावीस वर्षांच्या दादाने... नाही, दादा तेव्हा सव्वीसचा होता, बावीसचा धाकटा. आत्याचा नेहमीच घोळ व्हायचा, कारण त्या दिवशी दादा एवढासा दिसत होता. ओला, गारठलेला, बापाकडे बघायची हिंमत नसलेला. अप्पा त्याला एक शब्द बोलले नाहीत. पुढेही नाही. आणि नवी बार्ज आली तेव्हा अप्पांनी लेकीला एकटीला गोदीत नेलं.

आत्याने चुलीखालचं कपाट उघडलं. रंगाच्या डब्यांमागून तिने खरवडणी काढली, लाकडी मुठीची, पात्याचं टोक झिजलेली.

"चला," ती म्हणाली. "होडी काढ धाकट्या. त्या बाईंनाही बोलवा."

"कशाला?" थोरले म्हणाले.

"दादा, तुझ्यासमोर सांगायचं नव्हतं. अप्पांना शब्द दिला होता. पण आता पोरीच्या जिवावर मला शब्द पाळायचा नाही." तिचा आवाज ठणठणीत होता. "आकडे खोटे आहेत. मी रंगवलेत ना, मला माहीत आहे."

बाहेर शिक्का कुणालातरी फोनवर सगळं व्यवस्थित आहे असं सांगत होता.

*

होडीत बाई, आत्या, भिंगरी आणि वल्ह्यावर धाकटे. थोरले वरून कठड्याला धरून बघत होते. त्यांना होडीत जागा होती, पण ते उतरले नाहीत.

आत्याने डोळे मिटून बार्जच्या अंगावरून बोटं फिरवली. एका ठिकाणी थांबली आणि खरवडू लागली. पांढरा रंग निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा पांढरा, मग तांबडा. पापुद्रे पाण्यात पडत होते. शेवटी लोखंड दिसलं आणि लोखंडावर वेल्डिंगची एक बारीक, उठावाची रेघ, बार्ज बांधली तेव्हा कारखान्यात घातलेली.

"ही खरी," आत्या म्हणाली. "आणि तोच आकडा मी इथे रंगवते." तिने आपला पंजा आडवा करून त्या रेघेखाली टेकवला. चार बोटं. करंगळीच्या खालच्या कडेला रंगवलेला आकडा नेमका सुरू होत होता, सुतभराचाही फरक नव्हता. "अप्पा म्हणाले, माझी बोटं नकोत, तुझीच घे. मी नसेन तेव्हाही तू असशील."

"म्हणजे पाणी असतं त्याहून चार बोटं जास्त दिसतं?" भिंगरीने विचारलं.

"हो. लाल रेघही तेवढीच खाली आहे, म्हणून माल भरताना चार बोटं आधीच थांबावं लागतं."

"आणि गोदीतल्या तपासणीत कुणाच्या लक्षात आलं नाही?" बाईंनी विचारलं.

"ते पत्र्याची जाडी मोजायचे, तळ बघायचे. आकड्यांना टेप कोण लावतंय!"

बाईंनी लावली. सात सेंटिमीटर. मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या पाचही ठिकाणी."

पाचही ठिकाणी आत्याने खरवडलं. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले. भिंगरीने तिच्या हातातून खरवडणी घ्यायचा प्रयत्न केला तर तिने हात झटकला. सात, सात, सात, साडेसहा, सात. साडेसहाच्या ठिकाणी आत्या ओशाळली. म्हणाली, "इथे रंगवायच्या दिवशी बोटाला बँडेज होतं, तेवढं बोट वगळून अंदाजाने धरलं." बाई पहिल्यांदाच हसल्या.

होडीतच आकडेमोड झाली. शिक्का वरून अर्धा लटकून ऐकत होता.

"दोनशे तेरा," बाई म्हणाल्या. "एक टन इकडेतिकडे चालतो. माल बरोबर आहे."

शिक्क्याने अशी आरोळी ठोकली की धक्क्यावरचे पक्षी उडाले. धाकट्यांनी वल्हं सोडून बहिणीचा हात धरला. "पण पंधरा दिवसांत आकडे खऱ्या जागी रंगवून मला फोटो पाठवायचे," बाई बजावत होत्या, "आणि हे सगळं मी अहवालात लिहिणार आहे. हेतू काय लिहू?"

आत्याने वर पाहिलं. थोरले कठडा धरून तसेच उभे होते. पहिली बार्ज, ताप, चौकशीतली सही, सगळं एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलेलं तिला दिसलं. त्यांना कळलं होतं.

"लिहा की..." आत्याला शब्द सुचेना.

"लिहा, मालकाला मुलाची काळजी होती," थोरले वरून म्हणाले.

आणि याच वेळी, सगळ्यांचा जीव भांड्यात पडलेला असताना, भिंगरी किंचाळली.

"पूल!"

*

ती होडीतून शिडीवर आणि शिडीवरून डेकवर अशी चढली की तिचं नाव भिंगरी का पडलं ते बाईंनाही समजलं असेल.

"बाबा, पुलाखाली किती जागा धरली होती आपण?"

"तीन बोटं," धाकटे खालून म्हणाले. "तूच काढलीस की. बार्ज इतकी बुडालीय, म्हणजे माल पाण्यावर इतका आलाय, वर तीन बोटं..." आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कशावरून काढली? बंदरात वाचलेल्या आकड्यांवरून! बार्ज चार बोटं कमी बुडालीय. म्हणजे माल चार बोटं उंच आहे. बाबा, आपण पुलाला धडकणार होतो!"

कुणीतरी टेप आणली. भिंगरी ट्रान्सफॉर्मरवर चढली आणि टेपच्या टोकाला नट बांधून ती पाण्यापर्यंत सोडली. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. हिशेब खरा होता. पुलाच्या तुळईपेक्षा माल एक बोट उंच होता. या बाईंनी अडवलं नसतं, तर दोनशे बारा टनांचं हे धूड आतापर्यंत तुळईला ठोकर देऊन नदीत गेलं असतं, आणि त्याच्यासोबत आणखी काय काय गेलं असतं कोण जाणे.

"झालं," शिक्का मटकन खाली बसला. "म्हणजे जातच नाही."

"का नाही जात?" भिंगरीचे डोळे चमकत होते. भीती तिला वाटत होती, पण तिच्या बाबतीत भीती आणि उत्साह यांचं फार जुनं सख्य होतं. "माल खाली नाही आणता येत, पण बार्ज खाली नेता येते. तळाच्या टाक्यांत पाणी भरायचं. चार बोटं बुडवायची!"

"चार बोटं म्हणजे सेहेचाळीस टन पाणी," धाकटे म्हणाले. "तासभर लागेल दोन्ही पंपांना. दोन वाजून गेलेत."

"मग चालता चालता भरू. पुलापर्यंत तासाभराची वाट आहे."

"भरलेल्या मालासकट चालता चालता कुणी टाक्या भरतं का?"

"दोन्ही बाजूंना सारख्या भरल्या तर भरतं," थोरले म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ते बाह्या दुमडत होते. "मधल्या टाकीपासून सुरुवात करा, म्हणजे कलणार नाही. धाकट्या, सुकाणूवर जा. शिक्क्या, मॅडमकडून कागद घे आणि त्यात लिहून घे, निघताना टाक्यांत पाणी घेतलं. नाहीतर वरच्या धक्क्यावर पुन्हा दुसरी मॅडम बसलेली असेल."

बाईंनी लिहिलं, सही केली. शिक्क्याने आपला शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हललं. दोर सुटले. इंजिन घरघरलं आणि त्यावर दोन्ही पंपांचा आवाज चढला. धक्क्यावर कस्टमच्या बाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. बार्ज वळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

*

थोरले कठड्याशी गुडघे टेकून वाकले होते. खरवडलेल्या पट्टीकडे बघत होते. आत्या चहा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"एक बोट चढलं," ते म्हणाले.

"हं."

मग ते म्हणाले, "मी अठरा वर्षं दोन बोटं जास्त भरायचो. लाल रेघेच्या वर."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"रंगाला डाग पडतो, दादा. पाणी कुठवर येतं ते दर दोन वर्षांनी मला दिसतं."

थोरल्यांना हसू आलं की हुंदका, त्यांनाच कळेना. "मी समजत होतो, मी हुशार आहे. मी समजत होतो नदी माझं ऐकते. आणि मी आपला अप्पांनी बाजूला काढून ठेवलेल्यातलंच खात होतो. त्यांनी मला का नाही सांगितलं? तोंडावर एकदा शिव्या दिल्या असत्या! एवढी वर्षं मी वाट बघितली त्या शिव्यांची."

"सांगितलं असतं तर तू सहा बोटं भरली असतीस."

थोरले एकदम हसले. खो खो हसले, मग तोंडावर हात घेऊन पाठ फिरवली. आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा चहा स्वतःच पिऊन टाकला, कारण तो निवत होता.

पुढे, नदीच्या सरळ पट्ट्यात, पूल दिसू लागला. काळा, लोखंडी, लांबून पाहिला तर उंच वाटणारा आणि जसजसं जवळ जावं तसा बसका होत जाणारा. साडेतीन वाजले होते. धाकट्यांनी वेग कमी केला.

"तीन बोटं चढलं! साडेतीन!" थोरले ओरडत होते. भिंगरी धावत येऊन त्यांच्याशेजारी पालथी पडली. दोन्ही पंपांवरचे खलाशी हात तयार ठेवून थोरल्यांच्या तोंडाकडे बघत होते. बार्जवर ही रीतच होती. किती का आरडाओरडा होईना, थांबायचं ते एकाच माणसाच्या "बस"वर.

पाणी चौथ्या बोटाच्या कडेला आलं आणि टेकलं.

थोरल्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मान वळवून पुतणीकडे पाहिलं.

"तू म्हण," ते म्हणाले.

भिंगरीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती पाण्याकडे बघत राहिली, पुलाकडे बघितलं, परत पाण्याकडे. सगळे खोळंबले होते. पंप चालू होते.

"अजून एक बोट जाऊ दे," ती म्हणाली.

आत्याने भावाकडे बघितलं. दोघांनाही तो आवाज ओळखीचा वाटला, अप्पांचा.

"बस!" भिंगरी ओरडली. पंप थांबले आणि नदीवर एकाएकी शांत झालं.

*

थोरले शिडीवरून ट्रान्सफॉर्मरच्या बगलेला चढले. "दादा, खाली ये!" आत्या ओरडली. "काका, बघायला मी जाते!" भिंगरी ओरडली. ते ऐकतील तर शपथ. बार्ज मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. धाकटे सुकाणूवर श्वास रोखून उभे होते, डोळ्यांत तेल घालून. पहिली तुळई आली. तिच्या पोटाखालची गंजलेली खिळ्यांची रांग थोरल्यांना मोजता आली असती.

त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या माथ्यावर आपला पंजा आडवा उभा केला. करंगळी पोलादावर टेकलेली, बोटं एकावर एक.

"हात काढ! दादा, हात काढ!"

तुळई त्यांच्या हातावरून गेली. मग दुसरी गेली, तिसरी गेली. वर कुठेतरी रुळांमधून ऊन खाली झिरपलं, त्यांच्या पाठीवर पट्टे पडले, सरकले. शेवटची तुळई गेली आणि उघडं आभाळ आलं.

"किती?" खालून तिघंही एकदम ओरडली.

थोरल्यांनी हात वर केला. तर्जनीच्या कडेला तांबूस गंज लागला होता, बाकी हात कोरा होता.

"चार!" ते गरजले. "चार बोटं!"

मग बार्जवर जो गोंधळ झाला तो शिक्क्याने पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगितला. तो स्वतः त्यात रडला होता, हे मात्र वगळून. धाकट्यांनी भोंगा दाबला आणि सोडायचं विसरले. भिंगरी आत्याला उचलून गरागरा फिरवत होती. त्या भोंग्यातही थोरल्यांना आपला फोन ऐकू आला. त्यांनी शिडीवरूनच तो कानाला लावला.

"हो, बोला. नाही, येऊ नका. आज नाही. उद्याही नको." त्यांनी खाली बघितलं. "तुमचा घोटाळा होतोय. बार्ज माझी नाही. ज्यांची आहे त्या खाली नाचतायत."

फोन खिशात टाकून ते सावकाश उतरले. भिंगरीने आत्याला खाली ठेवलं आणि ती धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिली. पुढे वळणावर नदी गढूळ होऊन फुगू लागली होती, धरणाचं पाणी आलं होतं.

"आकडे खऱ्या जागी रंगवायचेत पंधरा दिवसांत," ते म्हणाले. "आता ती चार बोटं कुठे लिहिलेली नसतील. लक्षात ठेवशील?"

भिंगरीने मान हलवली. त्यांनी तिचा हात घेतला, पंजा आडवा केला, तिची चार बोटं नीट एकावर एक जुळवली आणि बघितली.

"आत्यापेक्षा जाड आहेत," ते म्हणाले. "बरं झालं."